पाचशे ग्रॅमची वाटणी

दहा मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा असावा, असा नियम आहे. स्पर्धेआधी साहित्य तपासणीच्या टेबलावर पिस्तुलाची नळी सरळ वर धरतात, ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन लावतात आणि सावकाश उचलतात. वजन टेबलापासून अधांतरी झालं आणि ट्रिगरने ते पेललं, की पिस्तूल पास. जड ट्रिगर चालतो, हलका चालत नाही. त्यामुळे बहुतेक नेमबाज 500 च्या जेमतेम वर राहतात. माझं पिस्तूलही तिथेच होतं, दर तपासणीत सुटायचं, आणि तरीही त्याचा ट्रिगर जड होता.

हे कसं, ते सांगायला हवं. स्पर्धेच्या पिस्तुलाचा ट्रिगर दोन टप्प्यांत चालतो. पहिल्या टप्प्यात तो मागे येतो आणि एका ठिकाणी स्पष्ट अडतो. बोट तिथे टेकवून ठेवायचं, साइट जुळवायच्या आणि अगदी थोडा दाब वाढवायचा, पेलेट सुटते. पहिल्या टप्प्याने 400 ग्रॅम घेतले आणि दुसऱ्यासाठी 100 उरले, तर बोटाला काम हलकं वाटतं. तेच 500 ग्रॅम 250 आणि 250 असे वाटले गेले, तर तपासणीच्या वजनाला काही कळत नाही, बोटाला लगेच कळतं. माझ्या पिस्तुलाचं दुखणं याहून वाईट होतं. अडण्याची जागाच धूसर झाली होती. तिथून पुढे ट्रिगर खरखरत सरकायचा, आणि तो नेमका कुठे सुटेल याचा भरवसा नव्हता.

बोट जोर लावू लागलं की सगळा पंजा आवळतो, मनगट किंचित झुकतं, आणि उजव्या हाताने मारणाऱ्याचे शॉट डावीकडे खाली जातात. हे किंचित किती महाग पडतं पाहा. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण 35 सेंटीमीटरचं अंतर असतं. पुढची साइट एक मिलिमीटर हलली, तर दहा मीटरवर शॉट जवळपास तीन सेंटीमीटर सरकतो. दहाचं वर्तुळ आहे साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे हाताच्या त्या एका मिलिमीटरने दहाच्या जागी सात लागतो.

आमच्या सरांनी माझं पिस्तूल हातात घेतलं, डोळे मिटून ड्राय फायर केलं, म्हणजे पेलेट न भरता ट्रिगर ओढून पाहिला, आणि परत दिलं. म्हणाले, "तुझं बोट नाही अडत, ते आत अडतंय. उघडू मात्र नकोस. बनवणाऱ्याला विचार."

पिस्तूल मी खेळ सोडलेल्या एका नेमबाजाकडून घेतलेलं. बनवणारा कारखाना युरोपातला. ट्रिगर जड आहे, काय करू, असं मी लिहिलं, तर उत्तरात प्रश्नच आले. पहिल्या टप्प्याचं वजन किती? दुसऱ्याचं किती? दोन्ही दर वेळी तेवढंच भरतं का? अडल्यानंतर ट्रिगर सुटण्याआधी सरकताना जाणवतो का? पिस्तूल पूर्वी कोणी उघडलं होतं का? मला हे प्रश्न फार आवडले. जड हा शब्द तक्रारीपुरता ठीक असतो, दुरुस्तीला तो पुरत नाही. रेंजवरचा ट्रिगर गेज आणून मोजायला बसले, तेव्हा दुसऱ्या टप्प्याचं वजन एकदा 120 भरलं, लगेच पुढच्या वेळी 190. खरा आजार हा होता.

मग ते पाठवायची खटपट. हवेचा सिलिंडर काढून रिकामा करायचा, कागदपत्रं जुळवायची, भारतातल्या विक्रेत्यामार्फत रवाना करायचं. तेवढा सगळा पावसाळा मी क्लबच्या पिस्तुलावर काढला. त्याची ग्रिप माझ्या हाताची नव्हती.

कारखान्याचा निष्कर्ष दोन-तीन ओळींचा होता. ट्रिगर ओढला की जो छोटा पोलादी तुकडा सुटतो, तो सिअर, कोणीतरी घासून गुळगुळीत केला होता. अशा भागाच्या पृष्ठभागावर कडक केलेल्या पोलादाचा पातळ थर असतो. ट्रिगर हलका करण्याच्या नादात तो थर घासला गेला, की पहिले काही दिवस खरंच लोभस वाटतं. मग खालचं मऊ पोलाद उघडं पडतं, झिजतं, खरबरीत होतं. ट्रिगर भलत्या वेळी सुटू लागतो. ते थांबवायला सिअरची पकड स्क्रू फिरवून खोल करतात, आणि ट्रिगर लांब, खरखरीत आणि जड होतो. हलकं करायला गेलेल्या हातानेच ते जड केलं होतं.

सिअर आणि एक स्प्रिंग बदलून पिस्तूल परत आलं. सोबत चाचणीचं टार्गेट होतं आणि दोन टप्प्यांच्या दोन आकड्यांचा कागद. आकड्यांची बेरीज पूर्वीसारखीच, 500 च्या जराशी वर. फरक एवढाच की आता ती वाटणी प्रत्येक शॉटला तीच असते, आणि नेमबाजाला एवढंच हवं असतं. नुसतं वजन हा अडथळा नसतो: 25 मीटर पिस्तुलाचा ट्रिगर नियमानेच किमान 1000 ग्रॅमचा असतो. त्याच्या जलद फेरीत प्रत्येक शॉटसाठी हात खालून वर आणून 3 सेकंदांत गोळी सोडावी लागते, आणि याच प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. दुप्पट वजनाशी हात जुळवून घेतो. दर वेळी बदलणाऱ्या वजनाशी कसा घेईल?

मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना पिस्तूल बनवणाऱ्यांचे तंत्रज्ञ हजर असतात. तिथेही बिघाड चुकत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये नेमबाज मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. जिल्ह्याच्या रेंजवर सराव करणाऱ्या मुलामुलींना तर असा तंत्रज्ञ दिसतही नाही. त्यांच्यापुढे दोनच वाटा असतात: पिस्तूल परदेशी पाठवून अख्खा हंगाम घालवायचा, किंवा कोणाच्या तरी हातात घासायला द्यायचं. बरेच जण दुसरी धरतात, आणि पैशाचा हिशोब पाहता मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

महाराष्ट्रात हातांची वाण नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सूक्ष्म मापाचं यंत्रकाम करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि त्याच जिल्ह्याने राही दिली आणि तिच्यापाठोपाठ ऑलिंपिक पदक मिळवणारा नेमबाज स्वप्नील कुसाळेही दिला. या कारागिरांना उणीव आहे ती कारखान्याच्या मापांची, अस्सल सुट्या भागांची आणि काय घासायचं नाही हे शिकवणाऱ्या प्रशिक्षणाची. राज्याच्या क्रीडा खात्याने आणि नेमबाजी संघटनेने निवडक तंत्रज्ञांना पिस्तूल बनवणाऱ्यांकडे शिकायला पाठवावं आणि बालेवाडीत व कोल्हापुरात दुरुस्तीचं कायमचं टेबल सुरू करावं. तोवर जुनं पिस्तूल घेणाऱ्यांना माझी विनंती आहे: पैसे देण्याआधी दोन्ही टप्प्यांची वजनं पुन्हापुन्हा मोजून घ्या, आणि ते कधी, कोणी उघडलं होतं, हे स्पष्ट विचारा.