कच्चे मडके, पक्के मडके

कुंभार असलेल्या संत गोरोबाकाकांनी थापटण्याने इतर संतांची डोकी तपासली, ही कथा मराठी साहित्याच्या वर्गात बहुधा नामदेवांच्या गर्वहरणाची कथा म्हणून शिकवली जाते. तिच्यातला तात्त्विक प्रश्न त्याहून अवघड आहे: कच्चे पक्के होते म्हणजे नेमके काय होते? धाराशिव जिल्ह्यात मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रश्न सोडवताना ग्रंथालयाइतकाच कुंभारवाडा उपयोगी पडतो. गोरोबांचे गाव तेर त्याच्याच जिल्ह्यात, तेरणेच्या काठी आहे. त्यांचे समाधिमंदिरही तिथेच.

कथा थोडक्यात अशी. निवृत्तीनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई आणि नामदेव एकत्र जमले असताना मुक्ताबाईंनी थापटण्याकडे पाहून हे कशाला, असे विचारले. मडकी कच्ची की पक्की ते पाहायला, असे उत्तर मिळताच आमचीही परीक्षा होऊन जाऊ द्या, असे त्या म्हणाल्या. बाकीच्यांनी फटके मुकाट्याने सोसले. नामदेव रागावले, कळवळले आणि कच्चे ठरले.

कुंभाराच्या कामात मात्र थापटणे वेगळ्या वेळी हाती येते. चाकावरून उतरलेल्या मडक्याचे बूड जाड असते. ते जरा सुकले की आतून दगडाचा आधार देऊन बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत बूड पातळ करतात, पोटाला गोलाई आणतात. हे सगळे मडके भाजायला आव्यात जाण्याआधीचे काम. भाजलेले मडके तपासायचे तर बाजारात गिऱ्हाईक वाकवलेल्या बोटाने टिचकी मारते. खणखणीत वाजले तर घेते, बद्द वाजले तर खाली ठेवते. पक्क्या मडक्यावर थापटणे चालवले तर हाती खापऱ्याच येतील. कथेने घडवण्याचे हत्यार परीक्षेला वापरले आहे, आणि हा तपशील चुकीचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. थापटण्याखाली आकार घेते ते ओले मडकेच. म्हणजे नामदेवांना बसलेला फटका निकालही होता आणि घडणही.

भाजण्याच्या प्रश्नावर भारतीय दर्शनांत खरोखरच वाद झाला आहे. वैशेषिकांचा पक्ष पीलुपाकाचा. आगीत घट परमाणूंपर्यंत विघटित होतो, एकेका परमाणूचा रंग पालटतो आणि त्यांतून नवा घट जुळून येतो. काळे मडके गेले, लाल मडके निराळे. नैयायिकांचा पक्ष पिठरपाकाचा. घट सच्छिद्र असल्याने उष्णता आत शिरते आणि तोच घट न मोडता लाल होतो. आव्यात मांडलेले मडके बाहेर काढताना कुंभार ते आपलेच मडके म्हणून ओळखतो, हा व्यवहार नैयायिकांच्या बाजूने जातो. वैशेषिकांचा आक्षेपही खरा आहे: घट अखंड राहिला तर आतला प्रत्येक कण भाजला कसा?

हाच वाद नामदेवांना लावून पाहता येतो. कच्चे ठरल्यावर ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या विसोबांनी, देव नसेल तिथे माझे पाय ठेव, असे सांगितले. तशी जागा काही सापडेना. पंढरपूरच्या मूर्तीपुरता देव पाहणारे नामदेव तिथे संपले असे म्हटले, तर पीलुपाक. पण शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत, आणि सर्वत्र भरलेल्या देवाला त्यांतही विठ्ठल म्हणून हाक येते. नाव जुनेच, त्याची व्याप्ती वाढलेली. ही साक्ष पिठरपाकाकडे झुकते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला याहून पुढे जाणे कठीण आहे. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीचे अभंग मिसळले आहेत, आणि अभंगांवर रचनेच्या तारखा नसतात. एखादा अभंग विसोबांच्या भेटीआधीचा की नंतरचा हे ठरवताना अभ्यासक बहुतेक वेळा त्यातला भाव पाहतात, आणि कोणता भाव आधीचा हे त्यांना या कथेनेच आधी सांगितलेले असते.