बॅचलर

तीन लेकरांच्या बापालाही आखातात 'बॅचलर' म्हणतात. बायको सोबत नसली की झाला बॅचलर. मग खोलीही तशीच, चार-सहा गडी मिळून. दुबईला पोराकडं गेलो तेव्हा हा शब्द ऐकला अन् डोक्यातून जाईना.

तिथं बायको-पोरं आणायची तर महिना ४,००० दिरहम पगार लागतो. राहायची सोय मालकाची असेल तर ३,०००. आमच्या पोराला तिथवर पोचायला तीन वर्षं लागली. तोवर सूनबाई गावी, आमच्याकडं. नातू पहिलं पाऊल टाकायला लागला ते त्याच्या बापानं फोनवर पाहिलं.

आता सुट्टीच्या शनिवारी सगळे मिळून फिरायला जातात. मलाही अल ऐनला नेलं. वाळवंटात खजुराचं रान, दीड लाखाच्या घरात झाडं, अन् मधून फलज. फलज म्हणजे उतारानं आणलेला पाट. पाणी वेळ मोजून, पाळीनं द्यायचं. थेट आमच्या पांझराकाठच्या फडासारखं! सहल राहिली बाजूला, मी पाटाच्या कडंनंच चालत राहिलो. फडात पाटकऱ्यानं एकाची पाळी चुकवली तर गाव जाब विचारतं, मग त्याची जमीन दोन बिघे असो की वीस.

तिथं वाळक्या झावळ्या छाटणारा एक गडी निजामाबादकडचा निघाला. पगार १,२०० दिरहम. दोन वर्षांत घर पाहिलं नव्हतं. नातवाकडं बघून त्यानं हातानं उंची दाखवली, "मेरा भी इतना होगा."

परतताना पोरगा म्हणाला, "आबा, बाराशेत बायको-पोरं आणून तो खाऊ काय घालणार? नियम बराच आहे."

हिशोबानं खरं आहे. आपल्याकडं ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकरंही संगं येतात, कोपीत राहतात, शाळा बुडते. त्यांना एकत्र राहायला कुणी अडवत नाही, कारण मुकादमाला दोघांचेही हात हवे असतात. त्यात कसलं आलंय सुख! पण लेकरू संगं न्यायचं की आजीजवळ ठेवायचं, हे निदान त्या कोपीत, नवरा-बायकोत ठरतं. निजामाबादच्या गड्याला हे कुणी विचारलंच नाही. त्याचं पगाराच्या कागदानं ठरवलं.

मी पोराला म्हटलं, "तू बॅचलर होतास तेव्हाही नियम बराच वाटायचा का रे?"

तो गाडी चालवत राहिला. मागच्या सीटवरून सूनबाई म्हणाली, "मला विचारा ना, आबा."