पाळण्याची दोरी

दत्तभक्तहो, मार्गशीर्ष पौर्णिमेला सायंकाळी आपण दत्तप्रभूंचा पाळणा हलवतो, सुंठवडा वाटतो आणि घरी येतो. घरी नातू कशावरून तरी हट्टाला पेटलेला असतो. मग आपणच ओरडतो, "गप्प बस!" इथे जरा थांबून विचार करू या.

गुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायातली कथा सर्वांना ठाऊक आहे. सत्त्वपरीक्षा पाहायला आलेल्या त्रिमूर्तींची अनसूयामातेने बाळं केली. पुढे काय केलं? उपदेश केला नाही. दूध पाजलं, पाळण्यात घालून जोजवलं. संयमाचा पहिला धडा तोच आहे. तान्ह्या बाळाला स्वतःहून शांत होता येत नाही. आई उचलते, थोपटते, तेव्हा ते निवतं. असं शेकडो वेळा झालं की ती शांती हळूहळू त्याची स्वतःची होते. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर आधी खात्यात भरणा, मग पैसे काढणं. खातं रिकामं असेल तर पोरानं काढायचं कुठून?

मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग थेट पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. म्हणजे बाजारात लोळण घेणारं दोन वर्षांचं पोर वाईट नसतं, त्याचा ब्रेक अजून बसायचा असतो. मोबाईल हातात दिला की रडणं थांबतं खरं, पण ती शांती मोबाईलची, मुलाची नव्हे.

अमेरिकेत 1960 च्या दशकाच्या शेवटी वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांपुढे खाऊ ठेवला. आत्ता खाल्ला तर एक, थांबलास तर दोन! डोळे झाकून घेणारी, गाणी म्हणणारी मुलं जास्त थांबली. पुढे रॉचेस्टर विद्यापीठात आणखी एक गोष्ट दिसली. मोठ्या माणसाने आधी दिलेला शब्द पाळला होता, ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. शब्द मोडला होता, ती तीनच मिनिटं. बघा, संयम विश्वासावर उभा असतो. तेव्हा "जेवण झाल्यावर गोष्ट सांगतो" म्हटलंत, तर सांगाच. "बागुलबुवा येईल" ही खोटी भीती नको.

तीन-चार वर्षांचं मूल स्वतःशीच पुटपुटतं, "नको, गरम आहे." ते आईचं वाक्य असतं. पुढे ओठ हलायचे थांबतात, वाक्य आत राहतं. आपलं नामस्मरण तरी वेगळं काय आहे? आधी मोठ्याने, मग ओठांत, मग मनात. गुरूचा शब्द असाच आत उतरतो. म्हणून मुलाच्या आत कोणता शब्द उतरावा, हे आपल्या जिभेवर आहे. "तुला राग आलाय ना? ये, जवळ बस," हा की "गप्प बस" हा?

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतांनी यदुराजाला चोवीस गुरू सांगितले, त्यांत बालकही आहे. त्याला मान-अपमान नाही. आत्ता रुसलेलं पोर घटकाभरात गळ्यात पडतं. आपण भाऊबंदकीतला राग वीस वर्षं सांभाळतो! तेव्हा घरातल्या बाळाला संयम द्यायचा असेल, तर आधी तो आपल्याकडे शिल्लक हवा. पाळण्याची दोरी ओढणारा हात स्थिर असेल, तरच पाळणा संथ हलेल.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!