उसनं अमरत्व

पाठ टेकून बसा. घाईचं काही नाही. आज मननाला एक पेशी घ्यायची आहे, तीही कर्करोगाची.

नाव ऐकताच पोटात गोळा आला असेल तर येऊ द्या. हे नाव दबक्या आवाजात कधीच घेतलं गेलं नाही, अशी घरं आपल्याकडे थोडीच. त्या भीतीच्या मुळाशी गेलात तर एवढंच सापडेल: मरायचं विसरलेली पेशी. बाकीच्या पेशी वेळ झाली की जातात. ही जात नाही, वाढतच राहते.

आता तिच्या शेजारी दुसरी पेशी आणा. ही प्लीहेतली पांढरी पेशी. हिला एकच काम येतं, एकाच प्रकारची अँटिबॉडी घडवणं. पण ती अशी की तुफान गर्दीतूनही नेमका आपला शत्रू हुडकून काढील. शरीराबाहेर, काचेच्या बशीत मात्र ही पेशी काही दिवसांत संपते. एकीपाशी आयुष्य आहे, उपयोग नाही. दुसरीपाशी उपयोग आहे, आयुष्य नाही. या दोघींपाशी थोडा वेळ थांबा. पुढे काय झालं ते जाणून घ्यावंसं वाटेल; तरी थांबा.

1974 साली केंब्रिजमध्ये सेझार मिलस्टीन यांच्या प्रयोगशाळेत जॉर्ज कोलर हे तरुण जर्मन संशोधक आले. दोघंही औषधाच्या शोधात नव्हते. त्यांना पडलेला प्रश्न असा, की शरीर इतक्या तऱ्हातऱ्हांच्या अँटिबॉडी बनवतं तरी कसं? त्यासाठी एकाच जातीची अँटिबॉडी सतत पुरवणारी पेशी हवी होती. मेंढीच्या तांबड्या पेशी टोचलेल्या उंदराची प्लीहा घेतली, आणि तिच्यातल्या पेशी उंदराच्याच न मरणाऱ्या कर्कपेशींशी जोडल्या. द्रावण असं निवडलं की एकटी उरलेली कर्कपेशी त्यात तगू नये. प्लीहेतली तर आपणहून मरणारच. जगेल ती फक्त दोघींची मिळून झालेली.

ती बशी डोळ्यांसमोर आणा. मेंढीच्या तांबड्या पेशींचा पातळ लालसर थर. पेशीतून हवी ती अँटिबॉडी पाझरत असेल तर भोवतीच्या तांबड्या पेशी फुटतात आणि थरात स्वच्छ गोल उमटतो. कोलर तळघरात बशा बघायला गेले, तेव्हा कंटाळा येऊ नये म्हणून पत्नीला सोबत घेऊन गेले होते. गोल उमटले होते.

ज्या गुणाची आपल्याला धास्ती, तोच गुण इथे उसना घेतला गेला. कर्करोगाचा राग मनात असेल तर असू द्या. त्याच्या शेजारी हेही ठेवा.

आणि मिलस्टीन? अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांकात 1927 साली जन्मलेले. केंब्रिजला शिकून मायदेशी परतले, पण 1962 च्या लष्करी उठावानंतर सहकाऱ्यांना संस्थेतून काढून टाकण्यात आलं, तेव्हा राजीनामा देऊन पुन्हा केंब्रिजला आले. अँटिबॉडीकडे त्यांना वळवलं ते तिथले वरिष्ठ शास्त्रज्ञ फ्रेड सँगर यांनी. बायोडेटात हे सगळं सरळ रेषेत दिसतं, हा बायोडेटाचा दोष.

ऑगस्ट 1975 च्या ‘नेचर’मधल्या कोलर आणि मिलस्टीन यांच्या शोधनिबंधात वैद्यकीय उपयोगाचा उल्लेख आहे, पण अगदी शेवटी, एका वाक्यात. पेटंट घेतलं गेलं नाही. ब्रिटिश सरकारी महामंडळाला त्यात काही व्यवहार दिसला नाही. मिलस्टीन मागणाऱ्यांना पेशी पाठवत राहिले. मग काही महिने प्रयोगच जमेना. दोष निघाला एका द्रावणात. गोष्ट सांगताना असे महिने गाळले जातात. आपण मात्र एक श्वास त्यांच्यासाठीही थांबू.

उंदराची अँटिबॉडी माणसाच्या शरीराला परकीच. मिलस्टीन यांच्याच केंब्रिजमधल्या संस्थेत संशोधक ग्रेग विंटर यांनी 1986 साली वाट काढली: शत्रू ओळखणारी टोकं तेवढी उंदराची ठेवायची, बाकी सगळं माणसाचं. 1988 साली केंब्रिजमध्ये अशी अँटिबॉडी लिंफोमाच्या दोन रुग्णांना देण्यात आली आणि आजार ओसरला.

आज आपल्याकडच्या वॉर्डातही सलाइनमधून रिटुक्सिमॅब जातं, निव्होलुमॅब जातं; दोन्ही अँटिबॉडीच. निव्होलुमॅब गाठीला हात लावत नाही. रोगप्रतिकारक पेशींना आवरून धरणारा लगाम तेवढा सोडवतं. किंमत ऐकून मात्र घरं हादरतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या आणि मानेच्या कर्करोगात गोळ्यांच्या जोडीला निव्होलुमॅब दर तीन आठवड्यांनी अवघं 20 मिलिग्रॅम दिलं. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण, नुसत्या गोळ्या घेतलेल्यांत सुमारे 16 टक्के होतं, ते इथे 43 टक्क्यांवर गेलं. या आकड्यांवरून नजर लगेच हलवू नका. त्यांत माणसं आहेत, आणि उरलेल्या 57 टक्क्यांतही आहेत.

मिलस्टीन यांना 1984 साली कोलर आणि नील्स येर्ने यांच्यासोबत नोबेल मिळालं. ते पुन्हा आपल्या जुन्या प्रश्नाकडेच वळले: एकदा घडलेली अँटिबॉडी पुढे आणखी अचूक कशी होत जाते? मार्च 2002 मध्ये ते गेले, तोवर त्यावरच काम चालू होतं.