शेजाऱ्याचा हक्क
डहाणू-तलासरीत सरपंचपद आदिवासींनाच राखीव का, ही कुरकुर आपल्याही घरांतून ऐकू येते. मागे पाहा. १९४५ च्या उठावापर्यंत येथला वारली सावकाराकडे वेठ करी. लग्नाच्या कर्जापायी नवराबायको दोघेही लग्नगडी होत. मताचा हक्क तेव्हा मालमत्ता व शिक्षण पाहून मिळे. १९५० च्या घटनेने तो सर्वांना दिला, पण गावकारभार हाती येईलच याची हमी नव्हती. ती १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती व तिला जोडून आलेला १९९६ चा पेसा कायदा यांनी दिली. १९५६ साली बौद्ध झालेल्या आपल्या माणसांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० उजाडावे लागले. अडवलेला हक्क काय असतो, हे आपण जाणतो. मग शेजाऱ्याला मिळाला की पोटात का दुखावे? आणि ग्रामसभेत मत तर तुम्हालाही आहे. गेल्या सभेला तुमच्या घरून कोण गेले होते?