गुपिताची किंमत कोण ठरवितो?

आमचे कित्येक वृद्ध बंधु रहस्यकथेचें पुस्तक पाहिलें कीं नाक मुरडतात. बाबूराव अर्नाळकरांनीं अशा हजाराहून अधिक कथा लिहिल्या, आणि त्यांचे झुंजार व काळा पहाड घरोघर ठाऊक झाले. त्या सर्व वाचण्यायोग्य आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ह्या कथांचा एक प्रकार विचार करण्याजोगा आहे. एखाद्याचा पूर्वेतिहास दडलेला असतो, दुसऱ्यास तो कळतो, आणि तो गप्प बसण्याचे पैसे मागूं लागतो.

आर्थर कॉनन डॉइल ह्यांनीं १९०४ सालीं प्रसिद्ध केलेल्या शेरलॉक होम्सच्या एका कथेंत मिल्व्हर्टन नांवाचा गृहस्थ आहे. मोठ्या घरांतील नोकरांकडून तो जुनीं पत्रें विकत घेतो, आणि एका वधूचें लग्न तोंडावर आलें असतां सात हजार पौंड मागतो. पत्रें बनावट नाहींत. येथेंच प्रश्न उभा राहतो. खरें सांगणें हा गुन्हा नव्हे. गप्प बसणें हाही नव्हे. पैसे मागणें हाही एरवीं नव्हे. मग तिन्ही एकत्र आलीं म्हणजे गुन्हा कां व्हावा?

कायद्यानें तो मानिला आहे खरा. १८६० च्या दंडसंहितेंत खंडणीच्या कलमाखालीं पहिलेंच उदाहरण बदनामीचा मजकूर प्रसिद्ध करण्याच्या धमकीचें होतें, व शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची होती. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ प्रमाणें ती सात वर्षांपर्यंत झाली आहे. परंतु कायदा कारण सांगत नाहीं. आमच्या मतें कारण हें कीं, असा मनुष्य सत्याचाही मित्र नसतो व शेजाऱ्याचाही नसतो. सत्याची चाड असती तर त्यानें तें पैशासाठीं दडविलें नसतें. दया असती तर मौनाचें मोल घेतलें नसतें. शिवाय हा सौदा कधीं पुरा होत नाहीं. पेणच्या बाजारांत तांदूळ घेतला तर तो आपल्या पोत्यांत येतो. मौन विकत घेतलें तर तें विकणाऱ्याच्याच तोंडांत राहतें, आणि पुढल्या महिन्यास तो तेंच पुन्हा विकतो. (उरीयाविषयींचें राजाचें पत्र यवाबाच्या हातीं होतें. दावीदाला पुढें यवाब कां आवरला नाहीं, ह्याचा वाचकांनीं विचार करावा.)

पण किंमत ठरवितो कोण? रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे. दूरदूरचीं माणसें तेथें पोटासाठीं येतात, आणि कोणाच्या मागें काय आहे हें कोणी जाणत नाहीं. समजा, त्यांतील एकानें तारुण्यांत चोरी केली, शिक्षा भोगली, आणि आतां पंधरा वर्षें तो घाम गाळून संसार करीत आहे. त्याच्या गांवचा कोणी येऊन महिन्यास दोन हजार मागूं लागला, तर ते कशाच्या भरंवशावर? ओटीवर बसून आपण काय बोलूं, त्याच्या मुलीस मागणी घालणारें घर मागें फिरेल कीं नाहीं, ह्याच्या भरंवशावर. गांवानें ऐकून सोडून दिलें तर त्या मालास दोन पैसेही येणार नाहींत. कान देणाऱ्याचा ह्या व्यापारांत वांटा असतो, मग त्यानें एक पैही घेतलेली नसो.

मग सर्वच झांकून ठेवावें काय? नाहीं. आचार्य अत्रे ह्यांच्या 'तो मी नव्हेच' (१९६२) ह्या, खऱ्या खटल्यावर आधारलेल्या नाटकांतील लखोबा लोखंडे नांवें बदलून एकामागून एक लग्नें करितो. त्याचें गुपित मागें पडलेलें नाहीं. तें रोज नवें घर बुडवीत आहे. तें उघड करणें कर्तव्यच होय. तसेंच सोयरीक ठरवितांना पहिलें लग्न, कर्ज, आजार हें सांगितलेंच पाहिजे. पण त्या घरास, साऱ्या आळीस नव्हे.

असा गांजलेला मनुष्य रात्रीं उपदेशकाच्या दाराशीं आला, तर त्यानें काय केलें होतें हें प्रथम विचारूं नये. आजवर किती पैसे गेले तें विचारावें. चिठ्ठ्या व मोबाइलवरील निरोप त्यास पुसूं देऊं नयेत. आणि सकाळीं त्याच्याबरोबर पोलिस ठाण्यांत जावें, कारण ती पायरी एकट्यास चढवत नाहीं.