हजारातील आठ

माझी धाकटी आत्या बाळंतज्वराने गेली. तिची आठवण निघाली की आजी म्हणे, "तिचं आयुष्यच तेवढं होतं." या उत्तराने मनाला धीर येतो, पुढची बाळंतीण मात्र त्याने वाचत नाही.

२०१९ साली सात देशांत एक अभ्यास सुरू झाला. भारतातील त्याची केंद्रे दोन, नागपूर आणि आपले बेळगाव. बेळगावात तो जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने केला. प्रसूतिवेदनांच्या वेळी ॲझिथ्रोमायसिनची दोन ग्रॅमची एकच मात्रा दिली, तर मातेचा जंतुसंसर्ग टळेल का, हा प्रश्न होता. २९,२७८ स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांना औषध मिळाले, उरलेल्यांना तशीच दिसणारी निरौषध गोळी. कोणाला काय, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले.

अडलेल्या बाईच्या हाती जाणूनबुजून पोकळ गोळी ठेवणे हा अधर्म नव्हे काय? माझे पहिले मत तसेच झाले होते.

पण औषधाचा उपयोग होतो, हे तेव्हा ठाऊक कोणाला होते? २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जंतुदोष किंवा मृत्यू यांचे मातांतील प्रमाण औषध घेतलेल्यांत १.६ टक्के, इतरांत २.४ टक्के. म्हणजे हजारी सोळा आणि चोवीस. हा आठांचा फरक अनुभवी डॉक्टरच्याही नजरेत भरणे कठीण. तो दिसतो संख्याशास्त्रज्ञाला, कारण तो एका खाटेपाशी थांबत नाही.

मात्र न कळणे निर्दोष असते ते कळेपर्यंतच. म्हणून काय मोजायचे, कितपत फरकाला पुरावा म्हणायचे, हे त्याला आधीच लिहून ठेवावे लागते. मधले आकडे पाहते ती स्वतंत्र समिती. अभ्यास लवकर थांबवला तर योगायोगालाच सत्य मानल्याचा दोष. उशीर केला तर पोकळ गोळी घेणाऱ्या प्रत्येकीचा. येथे मातांचा लाभ स्पष्ट होताच समितीने अभ्यास मुदतीपूर्वी थांबवण्याचा सल्ला दिला. नवजात बालकांच्या बाबतीत फरक पडला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदले गेले.

आम्ही सीमाभागातील माणसे टक्केवारीच्या वादातच वाढलो. निष्कर्ष आधी ठरवून आकडे मागाहून शोधणे आम्हांला नवे नाही. मी स्वतः दरवर्षी दहावीच्या निकालाची टक्केवारी फळ्यावर ठळक लिहितो. नापास किती, ते लिहीत नाही. आकड्यांत माणूस हरवतो म्हणतात. खरे तर तो आकड्यांत हरवत नाही, अप्रामाणिक मोजणीत हरवतो.

हजारी वाचलेल्या त्या आठ जणी कोण, हे कोणालाच कळणार नाही. त्यांना स्वतःलाही नाही. पण ज्यांच्या वाट्याला पोकळ गोळी आली, त्यांच्यामुळेच हे ज्ञान हाती आले. हे ऋण आभार मानून फिटणारे नाही. खेड्यापाड्यांतल्या पुढच्या बाळंतिणीपर्यंत ते ज्ञान पोहोचले, तरच ते फिटेल. नाहीतर आपले उत्तर आजीच्या उत्तरापेक्षा वेगळे ते काय?